चावडीवर प्रतिकृती हवी

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४० साली, इंग्रज सरकारने गोंदियाजवळ, कामठ्याच्या परिसरातील बिरसी या आमच्या गावी विमानांसाठी धावपट्टी बांधविली. स्वातंत्र्यानंतर ती राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. नंतर तिच्यालगत वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था उभी राहिली, आणि मार्च २०२२ मध्ये येथून प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. या दीर्घ काळात मोजण्या झाल्या, नकाशे निघाले, आणि भूसंपादन व पुनर्वसन हे दोन शब्द सरकारी दफ्तरातून निघून इथल्या घराघरांत पोचले. आज धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालणाऱ्या शिकाऊ वैमानिकाला गाव, तलाव, रस्ता आणि धावपट्टी यांचा परस्परसंबंध एका दृष्टिक्षेपात उमगतो. खाली चिखलात उभ्या असलेल्या कास्तकाराला मात्र स्वतःच्या बांधीपलीकडे काय योजले जात आहे याचा अंदाज कचेरीतल्या कागदावरून बांधावा लागतो, आणि तो कागद त्याला वाचता येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की लोकांच्या पैशाने आणि लोकांच्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या बांधकामाची मापबरहुकूम प्रतिकृती, त्या कामाला अंतिम मंजुरी मिळण्यापूर्वी, ज्या गावावर त्याचा परिणाम व्हायचा त्या गावाच्या चावडीवर ठेवणे सरकारने स्वतःवर बंधनकारक करून घ्यावे. आणि अशी प्रतिकृती घडविणारा जो कारागीर आज वास्तुविशारदाच्या कार्यालयामागच्या अंधाऱ्या खोलीत अनामिकपणे राबतो, त्याला एका स्वतंत्र व प्रतिष्ठित व्यवसायाचा दर्जा द्यावा.

नकाशा वाचणे ही शिकून येणारी विद्या आहे. तलचित्र, उभा छेद, दर्शनी भाग, समोच्च रेषा या साऱ्या संज्ञा ज्याने दोन-तीन वर्षे फळ्यासमोर बसून आत्मसात केल्या, त्यालाच कागदावरच्या चार रेषांतून भिंतीची उंची आणि जमिनीचा उतार दिसू लागतो. याउलट ज्याने आयुष्यभर धान लावले, त्याला आपल्या बांधीतले पाणी कोणत्या कोपऱ्यातून कोणत्या कोपऱ्याकडे वाहते, पाळीची उंची वीतभर वाढविली तर शेजाऱ्याच्या शेतात काय होईल, हे कोणत्याही अभियंत्यापेक्षा अधिक अचूक ठाऊक असते. पण त्याच जमिनीचा छेद कागदावर काढून त्याच्यापुढे ठेवला की तो मुका होतो, आणि त्याच्या त्या मौनाचा अर्थ संमती असा लावला जातो. २०१४ च्या जानेवारीपासून अंमलात आलेल्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आणि जनसुनावणी यांची तरतूद केली. त्याआधी २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने जनसुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करण्याची अट घातली. म्हणजे ज्याच्यावर परिणाम व्हायचा त्याला विषय समजला पाहिजे, हे तत्त्व कायद्याने मान्य केलेलेच आहे. शब्दांच्या बाबतीत मान्य झालेले हे तत्त्व आकार, उंची आणि अंतर यांच्या बाबतीतही लागू केले, तर त्याची परिणती प्रतिकृतीतच होते, दुसऱ्या कशातही नाही. कारण त्रिमिती वस्तू पाहण्यासाठी कोणालाही शाळेत जावे लागत नाही.

या मागणीत अव्यवहार्य असे काही नाही, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. बिरसीची धावपट्टी सुमारे २३०० मीटर लांब आहे. एकास हजार या प्रमाणात तिची प्रतिकृती केली तर ती २ मीटर ३० सेंटिमीटर भरेल, म्हणजे ग्रामपंचायतीच्या सभागृहात दोन मेजे जोडून मांडता येईल. त्या प्रमाणात दहा मीटर दर्शनीचे घर एक सेंटिमीटरचे होते आणि वीस मीटर रुंदीची बांधी दोन सेंटिमीटरची. अर्थात गावातल्या प्रत्येक कुटुंबाला आपले घर, आपली विहीर, आपले शेत आणि शेताकडे जाणारी पांदण बोटाने दाखविता येते. कुंपण कुठून जाणार, पांदण तुटणार की वळणार, पावसाळ्याचे पाणी ज्या नाल्याने तलावात उतरते तो नाला मोकळा राहणार की भरला जाणार, हे प्रश्न मग आपोआप तोंडातून बाहेर पडतात, कारण ते डोळ्यांसमोर घडलेले दिसते. जिथे केवळ इमारतींचा समूह दाखवावयाचा तिथे एकास पाचशे किंवा एकास दोनशे, एका इमारतीसाठी एकास शंभर, आणि खोल्या, जिने, खिडक्या यांचा विचार करावयाचा तर एकास पन्नास, अशी प्रमाणे या व्यवसायात सर्रास वापरली जातात. कोणत्या कामाला कोणते प्रमाण, हे ठरविण्यातच अर्धे कौशल्य असते.

हे कौशल्य कशा प्रकारचे आहे, ते जवळून पाहिल्याखेरीज त्याची थोरवी कळत नाही. प्रतिकृतीचे काम इमारतीपासून सुरू होत नाही, जमिनीपासून सुरू होते. मोजणीतून आलेल्या समोच्च रेषांपैकी दर मीटरची एक रेषा घेऊन कारागीर तिच्या आकाराचा एकेक थर कापतो. एकास पाचशे या प्रमाणात एक मीटर म्हणजे दोन मिलिमीटर, म्हणून तो दोन मिलिमीटर जाडीचा माउंट बोर्ड घेतो आणि थरावर थर चिकटवून टेकडी, उतार, खोलगट भाग यांची रचना करतो. डोंगराळ मुलुखात हे काम डोळ्यांना सुखावणारे असते, पण आमच्या धानाच्या सपाट पट्ट्यात सारी परीक्षा त्या एकाच थराची असते; येथे मीटरभराच्या फरकाने पाणी कोणाच्या शेतात जाणार हे ठरते, आणि तो मीटरभराचा फरक प्रतिकृतीत दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्यात सामावलेला असतो. तो थर तिरपा बसला, किंवा गोंदाच्या ओलाव्याने फुगला, तर प्रतिकृती पाहणाऱ्याला खोटे सांगू लागते.

त्यानंतर इमारती. पूर्वी पोलादी पट्टी आणि कटर एवढ्यांवर होणारे कापकाम आता पुष्कळ ठिकाणी लेझरच्या यंत्रावर होते. तथापि यंत्राने कापलेल्या लाकडी फळीची कड जळून काळपट होते आणि किरणाच्या वाटेत केसभर पदार्थ नाहीसा होतो, तेवढी तूट आधीच हिशेबात धरून माप वाढवावे लागते आणि कडा काचपेपराने हलकेच उजळाव्या लागतात. ॲक्रिलिकचे दोन तुकडे काटकोनात धरून त्यांच्या सांध्यात सिरिंजने क्लोरोफॉर्मचा एक थेंब सोडला की तो आपल्या आपण सांध्यातून धावत जातो आणि दोन्ही तुकडे क्षणात एकजीव होतात; पण थेंब वाजवीपेक्षा मोठा पडला तर पृष्ठभागावर पांढरट डाग उमटतो, तो पुढे कशानेही जात नाही आणि भिंत टाकून द्यावी लागते. तारेला पीळ देऊन, तिच्यावर रंगविलेल्या स्पंजचा चुरा बसवून झाडे करतात; आणि इथेच कारागिराच्या सचोटीची कसोटी लागते, कारण झाड थोडे मोठे केले की इमारत कोवळी व रम्य भासते आणि थोडे लहान केले की भव्य. काय गाळावे, हा विवेक तर त्याहून कठीण. नऊ इंची भिंत एकास पन्नासमध्ये साडेचार मिलिमीटरहून किंचित जाड असते, एकास शंभरमध्ये सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास येते आणि एकास हजारमध्ये कागदाइतकी उरते. तिथे खिडक्या कोरीत बसणे व्यर्थ आहे, तिथे फक्त वस्तुमान, उंची आणि अंतर एवढेच सत्य सांगावयाचे असते. ज्याला हे उमगले तो केवळ नकलाकार राहत नाही. तो वास्तुविशारदाच्या कल्पनेचा पहिला टीकाकार होतो, कारण कागदावर खपून गेलेली चूक त्याच्या हातात उभी राहत नाही.

असे हात आपल्या भागात नाहीत, असे कोणी म्हणू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो, आणि नागपूरच्या भोसल्यांच्या दरबारी, दुसऱ्या रघुजींच्या काळात, ही प्रथा सुरू झाली अशी परंपरा सांगितली जाते. त्या दिवशी मुले सजविलेले लाकडी नंदी मिरवितात. वीतभर उंचीच्या नंदीपासून गाड्यावर ठेवाव्या लागणाऱ्या नंदीपर्यंत सर्व मापांचे बैल आमचे सुतार एकाच आकृतिबंधातून घडवितात. वशिंडाचा उभार, शिंगांचा बाक, खांद्याची रुंदी आणि पायांची ठेवण यांचे परस्परप्रमाण, उंची कितीही बदलली तरी, ज्याच्या हातून ढळत नाही, त्या सुताराला प्रमाणाचे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. त्याला फक्त मोजणीचा कागद आणि पट्टी यांची ओळख करून द्यावी लागते.

ही विद्या जगात नवी नाही आणि तिचे सामाजिक महत्त्वही नवे नाही. फ्लॉरेन्सच्या प्रधान मंदिरावर घुमट कसा उभारावा, याविषयी १४१८ साली स्पर्धा लागली, तेव्हा ब्रुनेलेस्की याने खालून लाकडी आधार न देता घुमट रचता येतो हे विटांची प्रतिकृती बांधून पटवून दिले; आणि पुढे काम चालू असताना पाथरवटांना दगडाचा आकार समजावा म्हणून तो सलगम कापून नमुने करीत असे, असे त्याच्या चरित्रकाराने नमूद केले आहे. निरक्षर कामगाराला जे समजावयाचे ते त्याच्या हातात ठेवावे, हा त्यातला धडा आहे. परंतु मला त्याहूनही बोधप्रद वाटते ती लंडनची हकीकत. सेंट पॉलच्या नव्या मंदिरासाठी ख्रिस्तोफर रेन याने १६७३-७४ मध्ये ओक लाकडाची, सहा मीटरांहून अधिक लांबीची एक प्रचंड प्रतिकृती करवून घेतली. क्लीअर आडनावाच्या कारागिरांनी तिचे सुतारकाम व कोरीवकाम केले, आणि आतील अवकाश पाहता यावा इतकी ती मोठी होती. ती पाहून धर्माधिकाऱ्यांनी त्या रचनेला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. रेन याला याचा इतका विषाद झाला की यापुढे आपली चित्रे आणि प्रतिकृती लोकांपुढे मांडायच्याच नाहीत, असा त्याने निश्चय केला. कलावंत म्हणून रेनचा विषाद मी समजू शकतो. पण या कथेतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे, तो असा की प्रतिकृती पाहणाऱ्याला नाही म्हणण्याचे सामर्थ्य देते, आणि ज्याला नकार ऐकावयाचा नसतो तो सर्वप्रथम प्रतिकृती झाकतो.

आपल्या देशात चंदीगडची उभारणी होत असताना ल कॉर्ब्युझिए याच्या कल्पना लाकडात उतरविण्याचे काम ज्ञानी रतनसिंग यांच्यासारख्या कारागिरांनी केले. पुण्यात १९२७ साली जन्मलेले, लाकडी सामान बनविणाऱ्या कुटुंबात वाढलेले आणि पुढे त्याच ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली काम केलेले बाळकृष्ण दोशी यांना २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा महाराष्ट्राला यथायोग्य अभिमान वाटला. पण वास्तुविशारदांच्या नावांचा हा अभिमान त्यांच्या कल्पना प्रथम मूर्त करणाऱ्या हातांपर्यंत अजून पोचलेला नाही.

महाराष्ट्रात प्रतिकृतीवर विश्वास ठेवून शंभर वर्षांहून अधिक काळ काम करणारी एक थोर संस्था आहे, तिचा उल्लेख केल्याखेरीज हा विषय पूर्ण होणार नाही. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठी एक लहानसे केंद्र सुरू केले; ते १९२५ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला गेले, १९३६ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात आले आणि आज केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. तेथे नद्या, बंदरे आणि धरणांचे सांडवे यांच्या प्रतिकृती बांधून त्यांतून खरोखरीचे पाणी सोडतात, आणि प्रत्यक्ष बांधकामापूर्वी त्याचे गुणदोष पाहतात. एकास शंभर प्रमाणाच्या अशा प्रतिकृतीत पाण्याचा वेग मूळच्या दशांश धरावा लागतो, आणि कालही दशांश होतो; एका अहोरात्राचा पूर तेथे दोन तास चोवीस मिनिटांत वाहून जातो. नदीचे पात्र फार विस्तीर्ण आणि उथळ असेल तर आडव्या मापापेक्षा उभे माप वाढवून घेतात, नाही तर पाण्याची पातळी मोजण्याजोगीच राहत नाही. पण किती वाढविले, याची नोंद काटेकोरपणे ठेवतात. शास्त्रज्ञ स्वतःच्या गणितावर विसंबून न राहता प्रतिकृतीपुढे आपला मसुदा तपासणीला ठेवतो, आणि तिने चूक दाखविली तर मुकाट्याने बदलतो. जी नम्रता विज्ञान पाण्यापुढे दाखविते, ती शासनाने माणसांपुढे दाखवावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आणि ज्या माणसांपुढे ती दाखवावयाची, त्यांचा वारसा काय आहे? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने ते बांधले, मालगुजारांनी सांभाळले आणि १९५१ साली मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधविला, असे मानतात. कागदावरच्या समोच्च रेषांवाचून, पायांनी जमीन वाचून, दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरून मातीची पाळ घालणाऱ्या त्या पूर्वजांच्या वंशजांना, तुम्हाला नकाशा कळत नाही म्हणून तुमचे मत विचारीत नाही, असे सांगणे हा ज्ञानाचाच अवमान आहे. त्यांना न कळणारी गोष्ट फक्त आपण निवडलेले माध्यम आहे.

प्रतिकृतीमुळे फसवणूकही होऊ शकते, हे मला नाकारावयाचे नाही. शहरांतून घरे विकणाऱ्यांच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवलेली झगमगती मॉडेले सर्वांनी पाहिली आहेत. त्यांत दिवे लागतात, कारंजी चमकतात, झाडे चौथ्या मजल्यापर्यंत पोचलेली असतात, आणि शेजारची चाळ, उघडा नाला व अरुंद रस्ता मात्र अदृश्य झालेले असतात. या फसवणुकीची दखल कायद्याने घेतली आहे: २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या १२ व्या कलमानुसार जाहिरातीतल्या मजकुरावर किंवा नमुना म्हणून दाखविलेली सदनिका, भूखंड वा इमारत यांवर विसंबून कोणी आगाऊ रक्कम दिली आणि त्यातल्या खोट्या विधानामुळे त्याचे नुकसान झाले, तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. पैसे मोजून सदनिका घेणाऱ्या शहरवासीयाला जर दाखविलेल्या नमुन्याचा आधार मागता येतो, तर ज्याचे शेत, ज्याची पांदण आणि ज्याचे सारवलेले अंगण सार्वजनिक कामासाठी जाते, त्याला आधी नमुना दाखविला जावा आणि दाखविलेल्यापेक्षा वेगळे झाले तर जाब विचारता यावा, ही मागणी अवाजवी कशी ठरेल? म्हणून सार्वजनिक प्रतिकृतीला सचोटीचे काही नियम असले पाहिजेत. प्रमाण मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. उभे माप वाढविले असेल तर तसे स्पष्ट नमूद असावे. प्रस्तावित कामाच्या हद्दीबाहेरची सध्याची घरे, झाडे, विहिरी, तलाव आणि नाले तितक्याच निष्ठेने दाखविलेले असावेत. आणि जे पाडले, भरले किंवा तोडले जाणार त्याला वेगळा रंग असावा.

आता दोन-तीन आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की संगणकाच्या पडद्यावर हवी तशी फिरती चित्रे दाखविता येत असताना पुठ्ठा व लाकूड यांत वेळ का दवडावा? माझे उत्तर असे की पडद्यावर काय पाहावयाचे हे दाखविणारा ठरवितो आणि प्रतिकृतीपुढे ते पाहणारा ठरवितो. तो हवा तर वाकतो, मागच्या बाजूला जातो, डोळा पाटाच्या कडेशी नेऊन आपल्या दारातून काय दिसेल ते पाहतो. दहा माणसे भोवती उभी राहून बोट ठेवून एकमेकांशी वाद घालू शकतात. आणि ज्याला दृष्टी नाही तोही हाताने चाचपून गावाची रचना समजून घेऊ शकतो. संगणकाचा मी विरोधक नाही, लेझरचे यंत्र आणि त्रिमिती मुद्रण ही त्याचीच अपत्ये असून कारागिराच्या उत्तम सेवेला आहेत. पण त्याने साधनाची जागा घ्यावी, साक्षीदाराची घेऊ नये. दुसरा आक्षेप खर्चाचा आणि विलंबाचा. कोट्यवधींच्या कामात प्रतिकृतीचा खर्च नगण्य असतो, आणि काही आठवड्यांच्या विलंबाने जर वर्षानुवर्षे चालणारे अर्ज, मोर्चे आणि दावे टळत असतील, तर तो विलंब नव्हे, ती बचत होय. तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: वरून पाहण्याच्या सवयीने माणसाला सारे जग खेळण्यासारखे भासू लागते आणि नियोजकाच्या मनात एक प्रकारची निष्ठुरता येते. हा धोका खरा आहे. पण तो प्रतिकृती फक्त साहेबांच्या दालनात राहिली तर. ती चावडीवर आली की तिच्याभोवती त्या एक सेंटिमीटरच्या घरांत राहणारी माणसे उभी असतात.

कारागिराच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मी शेवटी घेतला असला तरी तो गौण नाही, कारण ज्याला नाव नाही त्याच्यावर जबाबदारीही टाकता येत नाही. आज या व्यवसायाची रीत अशी की चित्रे उशिरा येतात, उद्घाटनाची तारीख मात्र बदलत नाही, रात्रीचा दिवस करून काम पुरे होते, समारंभात पाहुणे त्या मॉडेलवर वाकून छायाचित्रे काढून घेतात, आणि पुढे ते जिन्याखाली धूळ खात पडून एके दिवशी भंगारात जाते. मुंबईत भायखळ्याला १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या आणि आज भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणाऱ्या संग्रहालयात पारशांच्या दख्म्याची प्रतिकृती जपून ठेवलेली आहे. ज्या वास्तूत परधर्मीयाला प्रवेश नाही तिची अंतर्रचना पिढ्यान्‌पिढ्या लोकांना त्या एका वस्तूमुळे कळत आली. प्रतिकृती हा दस्तऐवज आहे आणि तो दफ्तरातल्या कागदांइतकाच जपला पाहिजे, हे त्या संग्रहालयाने सिद्ध केले आहे. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, गवंडी, मूर्तिकार, खेळणी बनविणारे अशा १८ व्यवसायांना स्थान मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या यादीत प्रतिकृतिकाराचे नाव घालावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आरेखकाचे आणि सुतारकामाचे असे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम चालतात. त्या दोहोंचा संगम करून गोंदियासारख्या जिल्ह्यात प्रतिकृतिकामाचा अभ्यासक्रम उघडावा, म्हणजे तान्ह्या पोळ्याचे नंदी घडविणाऱ्या घरातल्या मुलाला आपले कसब घेऊन शहरात मजुरीला जावे लागणार नाही. प्रत्येक सार्वजनिक प्रतिकृतीवर ती घडविणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी, जशी नकाशावर सही असते.

हे सारे कुठे बसवावे, याला आमच्या मुलखात एक तयार जागा आहे. मध्य प्रांताच्या जमाबंदीच्या काळापासून पूर्व विदर्भात वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक हे दोन दस्तऐवज चालत आले आणि आजच्या जमीन महसूल संहितेनेही त्यांना मान्यता दिली आहे. गावाला जंगलातून सरपण, तलावातून पाणी, वाटेने जाणे-येणे असे जे जे वहिवाटीचे हक्क आहेत, त्यांची नोंद त्यांत होते. हे हक्क कागदावर आहेत, पण नवा प्रकल्प येतो तेव्हा त्याच्या नकाशावर ते दिसत नाहीत. प्रतिकृती तयार करताना पटवाऱ्याने ही नोंद कारागिराच्या हाती द्यावी आणि प्रत्येक निस्ताराची वाट, घाट, चराई व बोडी तिच्यात उतरवून घ्यावी. म्हणजे हक्क वाचण्यासाठी कोणाला कचेरीचे उंबरठे झिजवावे लागणार नाहीत. प्रतिकृती किमान महिनाभर चावडीवर राहावी, तिच्याजवळ हरकतींची वही असावी, ग्रामसभा तिच्यासमोर भरावी, आणि काम पुरे झाल्यावर ती गावाच्याच मालकीची व्हावी.

राज्य सरकारने असा हुकूम काढावा, अशी माझी विनंती आहे; पण हुकुमाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जिल्हा परिषदेला आपल्या पुढच्या शाळेपासून किंवा दवाखान्यापासून हा प्रघात पाडता येईल, आणि ग्रामपंचायतीला ठराव करून तशी मागणी करता येईल. वाचकहो, तुमच्या गावात यापुढे ग्रामसभेपुढे एखाद्या मोठ्या कामाचा नकाशा पसरला जाईल तेव्हा मान डोलावू नका आणि सहीही करू नका. आधी त्याची मापबरहुकूम प्रतिकृती मागा, ती डोळ्यांनी पाहा, हातांनी चाचपा, तिच्यात आपले घर शोधा, आणि मग काय ते मत द्या.